माझ्या नावावरचं दुखणं

माझ्या हृदयाला धोका आहे ही बातमी मला कंपनीनं दिली. बारा वर्षांत कंपनीनं न मागता दिलेली ही पहिलीच गोष्ट. पगारवाढ मागून मिळाली नाही, हातमोजे मागून सहा महिन्यांनी मिळाले. धोका मात्र एका सकाळी, कामाच्या वेळेत, बसायला स्टूल देऊन मिळाला.

झालं असं की, आमच्या कंपनीचा माल बाहेरच्या देशात जायला लागला. चिकलठाण्याच्या वसाहतीत आम्ही स्कूटरचे पत्र्याचे भाग प्रेसवर दाबतो. बाहेरचे साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, पंचेचाळीसच्या पुढच्या कामगारांची तपासणी झाली पाहिजे. मशीनींची तपासणी आधीच झाली होती. आमचा नंबर डिसेंबरात लागला. साल त्र्याण्णव. माझी बायको पारू जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

कंपनीच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, पिंपळखरे नावाचे. वयानं लहान, पण मन लावून काम करणारे. कंपाउंडर रामकिसननं माझ्या छातीला रबरी वाट्या चिकटवल्या. मशीनमधून कागदाची लांब पट्टी निघाली. डॉक्टरांनी पट्टी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि शेवटी माझी जुनी फाईल उघडली. फाईल उघडेपर्यंत त्यांचा चेहरा बरा होता.

"साळवे, तुम्ही जिवंत कसे आहात?"

"सवय झाली साहेब."

त्यांना हसू आलं नाही. ते फाईल वाचू लागले. "जिना चढताना छातीत दुखतं. डाव्या हातात कळ जाते. जबडा धरतो. अंगाला दरदरून घाम. काम करताना दम लागतो. दोन वर्षं! दोन वर्षं तुम्ही हे येऊन सांगताय आणि आधीच्या डॉक्टरांनी दर वेळी पित्ताची गोळी दिली?"

"शेवटी शेवटी दोन द्यायचे."

"वडील कशानं गेले?"

"छातीत कळ येऊन. पन्नाशीच्या आत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. नुसतं तुमचं प्रेशर आणि वडिलांचं असतं, तर मी गोळ्या दिल्या असत्या, मीठ आणि तंबाखू बंद केली असती आणि म्हणालो असतो, दहा-पंधरा वर्षं काळजी नको. पण या तक्रारी असताना नाही. हा धोका आजचा आहे. उद्यापासून प्रेसवर उभं राहायचं नाही. मी तुम्हाला मुंबईला पाठवतो, ऑपरेशन लागलं तर तेही कंपनी करेल. तोवर जिना नाही, ओझं नाही, गर्दी नाही, मनाला ताण नाही."

मी मान हलवली आणि गप्प बसलो. कारण त्या तक्रारी माझ्या नव्हत्या. पारूच्या होत्या.

हे समजावून सांगायला पाहिजे. आमच्या कंपनीचा दवाखाना फक्त कामगारांसाठी. घरच्यांसाठी नाही. मालकाचं म्हणणं असं की, प्रेस कामगार चालवतो, त्याची आई चालवत नाही. बरोबरच आहे. मग घरी कुणाला काही झालं की आम्ही दवाखान्यात जाऊन ते स्वतःचं म्हणून सांगायचो आणि औषध घरी न्यायचो. सगळेच तसं करायचे. माझ्या शेजारच्या प्रेसवरचा बिरू सहा फुटी गडी, मेंढरामागं हिंडून कमावलेलं अंग. फाईलवर त्याला संधिवात, ब्लडप्रेशर आणि डोळ्यांना अंधारी होती. ते सगळं त्याच्या आईचं, म्हाळसाबाईचं. वेल्डिंगच्या कडुबाला एका वर्षात दोनदा गोवर निघाला. आमच्या कंपनीइतके आजारी आणि आमच्या कंपनीइतके कामाला वाघ असे कामगार दुसरीकडं कुठं नसतील. आधीच्या डॉक्टरांना हे कळत नव्हतं की कळून ते गप्प होते, मला माहीत नाही. ते फार शांत होते. आम्ही बोलत असताना पेपर वाचायचे.

पारूला पहिली कळ आली ती नामांतराच्या मोर्चात. आमचं शहरात येणंही नावापायीच झालं होतं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावाकडं आमची घरं पेटली. पोर काखेला मारून आम्ही इथं आलो. लोक म्हणतात, औरंगाबादला कारखाने आले म्हणून खेड्यातली माणसं शहरात आली. आम्ही कारखान्याचं नावही ऐकलं नव्हतं. इथं आल्यावर मी प्रेसवर लागलो आणि पारूनं एकही मोर्चा सोडला नाही. सत्याग्रहात चार दिवस जेलमध्येही जाऊन आली. जेलमधलं वरण आपल्या वरणापेक्षा दाट असतं, एवढाच तिचा अनुभव.

तर एक्याण्णवच्या एका मोर्चात ती क्रांती चौकात मटकन खाली बसली. घोषणा देऊन छाती भरून आली म्हणाली. मग ते भाकरी थापतानाही व्हायला लागलं.

घाटीचा सरकारी दवाखाना आमच्या वस्तीपासून चालत अर्ध्या तासावर. मी तिला म्हणालो, चल. ती धुण्याभांड्याची चार घरं करायची. म्हणाली, "माझा दिवस कशाला मोडायचा? तुमचा दवाखाना फुकट हाय की. तुम्हीच सांगा." आणि काय सांगायचं ते ती शिकवायची. "दुखतं म्हणू नका, आवळतं म्हणा. कुणीतरी दोरीनं आवळल्यासारखं. भाकरी थापताना लई व्हतं, ते सांगा. बसलं की थांबतं, तेबी सांगा."

मी आवळतं न म्हणता दुखतंच म्हणायचो. मागं रांगेत बिरू, कडुबा, सगळे उभे. त्यांच्यासमोर भाकरी थापताना म्हणून कसं सांगू? काम करताना, असं सांगितलं. बसल्यावर थांबतं हे सांगायचं राहून गेलं. एकदा शांत डॉक्टरांनी पेपर बाजूला ठेवला, नळी कानाला लावली आणि माझी छाती ऐकली. माझी! मग म्हणाले, "काही नाही हो, बैलासारखं हृदय आहे तुमचं."

मी घरी येऊन पारूला सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, बैलासारखं हृदय आहे."

तिला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी गोड केलं. आम्ही सगळ्यांनी तो शिरा खाल्ला आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की नळी कुणाच्या छातीला लागली होती. पटणार नाही, पण दोन वर्षांत दुखणं तिचं आणि छाती माझी, हा हिशोब आमच्या अंगवळणी इतका पडला होता. त्यानंतर कळ आली की ती स्वतःलाच सांगायची, "काय नाय, बैलासारखं हाय." ऑगस्टात सार्वजनिक नळावर हंडा भरून ती खाली बसली ती उठली नाही. वस्तीत सगळे म्हणाले, पटकन गेली, हाल झाले नाहीत, नशीबवान. मीही तेच म्हणायला लागलो. कशानं गेली हे मी कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. गेलेलं माणूस विचारून परत येत नाही, असं मी लोकांना सांगायचो. लोकांना ते फार शहाणपणाचं वाटायचं.

आता डॉक्टर पिंपळखऱ्यांना खरं सांगायचं, तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं की पारू कशानं गेली ते मला त्याच स्टुलावर बसून ऐकावं लागणार होतं. म्हणून मी गप्प बसलो.

आता माझी गंमत सांगतो. पारू गेल्यावर चार महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की आता जगून काय करायचंय, उद्या जायचं ते आज जावं. लोक डोळे पुसायचे. त्या दिवशी दवाखान्यातून निघालो आणि सायकलवर बसलोच नाही. चिकलठाण्यापासून वस्तीपर्यंत सायकल हातानं ढकलत आलो, ती पण हळू. चढावर दोनदा थांबलो. तंबाखूची पुडी नाल्यात टाकली. त्या संध्याकाळी वरणात मीठ घातलं नाही. बायकोमागं मरायला निघालेला माणूस बिनमिठाचं वरण खात होता.

प्रेशर खरंच माझं होतं, वडीलही माझेच होते, त्यामुळं भीती अगदीच खोटी नव्हती. पण तिसऱ्या दिवशी माझ्या डाव्या हातात कळ आली. चौथ्या दिवशी जबडा धरला. पारूनं सांगितलेलं एकेक मला व्हायला लागलं, आणि त्याच क्रमानं. मी रात्रंदिवस मनगट धरून नाडी बघायचो. माणूस स्वतःच्या जिवावर इतकं प्रेम करतो हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

कंपनीनं मला गेटवर खुर्ची दिली. आत येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे. बिरू जेवणाच्या सुट्टीत यायचा.

"सांड्या, मजा हाय तुझी. बूड टेकवून पगार."

"बिरू, ते दुखणं पारूचं होतं. तुला माहीत आहे."

"सगळ्या खात्याला माहीत हाय. म्हणून तर म्हणतो, गप बस. तू तोंड उघडलंस की दवाखाना बंद. माझ्या म्हातारीच्या प्रेशरच्या गोळ्या मग काय तू आणणार व्हय?"

"आणि मुंबईला नेऊन माझी छाती फाडली म्हणजे?"

"फाडू दे की. आत काय नाय निघालं तर पुन्हा शिवतेल."

बिरूचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. मी विचार केला आणि महिनाभर गेटवर बसलो.

माझी मुलगी मंजुळा पैठणला दिलेली. तिला कुणीतरी निरोप दिला आणि ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पोर सासूकडं ठेवून, एस.टी.नं आली. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून रडली. मग डॉक्टरांचा कागद वाचला. दहावी झालेली पोर, रामकिसनकडून तिनं सगळं समजून घेतलं.

"बाबा, आईलापण असंच व्हायचं ना? छातीत?"

"व्हायचं."

"आणि तुम्हालापण होत होतं. दोन वर्षं. आणि तुम्ही तिला कळू दिलं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "ती घाबरेल म्हणून, व्हय ना?"

व्हय म्हणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. मान आपोआप हलली.

मंजुळानं हे भामाबाईला सांगितलं. भामाबाई आमच्या शेजारी, आणि तिला सांगितलं की वस्तीत भोंगा लावायची गरज राहत नाही. दोन दिवसांत मी मोठा माणूस झालो. बायका आपापल्या नवऱ्यांना माझं नाव घेऊन टोमणे मारू लागल्या. "सांडूभावजींकडं बघा. छातीत कळ येत व्हती तरी बायकोला हूं म्हणून कळू दिलं न्हाई. नाहीतर तुम्ही, सर्दी झाली तर घर डोक्यावर घेता." पारू दोन वर्षं जे सोसत होती, त्याचा सत्कार माझा होत होता. नुसता हार तेवढा राहिला होता.

तोही आला. चौदा जानेवारीला विद्यापीठाला नाव मिळालं. सोळा वर्षं झाली होती. सकाळपासून वस्तीत ढोल, निळा गुलाल, पेढे. माणसं रडत होती, नाचत होती, विद्यापीठाच्या कमानीकडं निघाली होती. मी नवा सदरा घातला. पारूचा निळा झेंडा ट्रंकेतून काढला. तिच्या बदल्यात मी जाऊन येईन असं ठरवलं होतं. दारातच भामाबाईनं अडवलं.

"भावजी, तुम्ही कुठं? डॉक्टरनं गर्दीत जाऊ नका म्हणलंय ना? मंजुळा, बाबांना बसव गं खाली."

"मी बरा आहे."

"बरं हाय म्हणूनच तर दोन वर्षं घालवली तुम्ही. बसा."

मंजुळानं मला खुर्चीवर बसवलं. माझ्या हातातला झेंडा भामाबाईच्या नातवानं नेला. जाताना भामाबाईनं आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "पारूचा मान तुम्हाला."

सगळी वस्ती गेली. मी हार घालून दारात बसलो. ज्या कळीनं पारू मोर्चात खाली बसली होती, त्याच कळीच्या नावाखाली मी मोर्चाच्या शेवटच्या दिवशी घरी बसलो होतो, आणि मला काहीही होत नव्हतं. हात दुखत नव्हता, जबडा मोकळा होता. लांबून ढोल ऐकू येत होते. मंजुळा आत माझ्यासाठी बिनमिठाची खिचडी करत होती आणि मधूनमधून बाहेर येऊन बघत होती, बाबा ठीक आहेत ना. ती चौथ्यांदा आली तेव्हा मी गळ्यातला हार काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दवाखाना उघडल्याबरोबर मी स्टुलावर जाऊन बसलो.

"साहेब, फाईलमधल्या तक्रारी माझ्या नाहीत."

"मग कुणाच्या?"

"बायकोच्या. तिला इथं येता येत नव्हतं म्हणून मी माझ्या नावावर सांगितल्या."

डॉक्टर पिंपळखरे माझ्याकडं बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. "तरीच! अहो, गेल्या आठवड्यात एका फिटरनं मला उलट्या होतात, आंबट खावंसं वाटतं असं सांगितलं. मी त्याच्या लिव्हरचा विचार करत होतो." त्यांनी डोळे पुसले. "बरं, नियम राहू द्या. उद्या-परवा बाईंना घेऊन या. मी बघतो."

"ऑगस्टात गेली."

त्यांचं हसू थांबायला थोडा वेळ लागला. मला त्यांची दया आली. मग मी जे महिनाभर टाळत होतो ते त्यांनी विचारलं. "ती नेमकं काय सांगायची?"

मी सगळं सांगितलं, तिनं शिकवलं होतं तसं. दुखतं नाही, आवळतं. दोरीनं आवळल्यासारखं. भाकरी थापताना होतं, हंडा उचलताना होतं. खाली बसलं की थांबतं. तिच्या एवढ्या धड्यातलं मी कधी निम्मंही इथं बोललो नव्हतो, पण पाठ सगळं होतं.

"ते हृदयच होतं का साहेब?"

"होय."

"आधीच्या डॉक्टरांनी नळी लावली होती. माझ्या छातीला."

त्यांनी फाईल मिटली.

"तिला आणलं असतं तर?"

त्यांनी रामकिसनला बाहेर जायला सांगितलं. "साळवे, वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण भाकरी थापताना आवळतं आणि बसलं की थांबतं, एवढं सांगितल्यावर कुठल्याही डॉक्टरनं ओळखलं असतं. गोळ्या असतात. दहा वर्षं तरी मिळाली असती कदाचित."

"आणि माझी?"

"तुमची पट्टी तशी बरी आहे. प्रेशरच्या गोळ्या घ्या, पथ्य पाळा. तुम्हालाही दहा-पंधरा वर्षं काही होणार नाही. सोमवारपासून प्रेसवर जा."

मी जावं म्हणून उठलो. ते म्हणाले, "मला हे मॅनेजरांना कळवावं लागेल."

"माझ्यापुरतं कळवा."

त्यांनी माझ्यापुरतंच कळवलं. मला मेमो मिळाला, कंपनीची फसवणूक केल्याबद्दल. पण मॅनेजर हुशार होता. सोमवारी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली, दुसऱ्याचं दुखणं सांगणाऱ्यावर कारवाई होईल. खात्यात माझ्याशी कुणी बोलेना. बिरू शेजारच्या प्रेसवर उभा राहून आठ तास पत्र्याशी बोलायचा, मला ऐकू जाईल असं. "काही लोकांना सुख बोचतं. काही लोक हरिश्चंद्राच्या घराण्यातले." पंधरा दिवसांनी म्हाळसाबाईच्या गोळ्या संपल्या, तेव्हा रजा टाकून तो म्हातारीला घाटीत घेऊन गेला. त्या बुडालेल्या दिवसाचा राग त्यानं अजून सोडलेला नाही.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी मी घरी आलो तेव्हा मंजुळा दारात डाळ निवडत होती.

"काय म्हणाले डॉक्टर? मुंबईची तारीख दिली?"

"मुंबई रद्द झाली. मला काही झालेलं नाही."

तिला आनंद झाला. तो तिच्या तोंडावर होता तोवरच मी बाकीचं सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा महिना गेला असता. दुखणं कुणाचं होतं, सांगायला कोण गेलं, नळी कुठं लागली, शिरा कशाबद्दल केला. तो शिरा तिनंही खाल्ला होता, ती तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. मी काही झाकलं नाही आणि रडलोही नाही. रडलो असतो तर तिला मला पाणी द्यावं लागलं असतं.

ती डाळ निवडत राहिली. हात थांबला नाही, पण खडे आणि डाळ एकाच बाजूला टाकत होती.

"आई किती वर्षं जगली असती?"

"दहा तरी, म्हणाले. कदाचित."

"आणि तुम्ही?"

"मलाही दहा-पंधरा म्हणाले."

तिनं सूप खाली ठेवलं. आत जाऊन पिशवी भरली. पैठणची बारा वाजताची एस.टी. मिळेल का, एवढं शेजारी विचारून आली. मी म्हणालो, जेवून जा. ती नको म्हणाली. उंबऱ्यात चपला घालताना तिनं माझ्याकडं बघितलं.

"मग जगा," ती म्हणाली.

मी रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेतो. आजवर एकही चुकलेली नाही.